ब्रॅकनशॉची पनवती

नाही, तुम्ही मला एकच सांगा, अडतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला तिथून उठवायला येताना केक घेऊन येतात का हो? केक! तोही लिंबाचा! भांडायचं तर सरळ भांडा ना, दारात उभे राहा, चार शिव्या घाला, मीही चार घालतो, मोकळे होऊ! पण नाही. आमच्या ब्रॅकनशॉत तसली पद्धत नाही. इथे माणसाचा गळा कापायचा असला तरी आधी हवापाण्याच्या गप्पा होतात, मग चहा होतो, मग दुसरा चहा होतो... आणि तुम्ही बशीतला केक चघळत बसलेले असता तेव्हा तुमच्या लक्षात येतं की अरेच्चा, मान गेली की आपली!

चिडलोय? मी? छे छे! मी अजिबात चिडलेलो नाही. डोरीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला सांगून ठेवलंय, "जेफ, राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे." मोजतोय ना! गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून मोजतोय, अजून माझे दहा पुरे झालेले नाहीत.

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे तुम्हालाही कळेल चूक कोणाची ते. आमचा फुटबॉल क्लब ब्रॅकनशॉ टाउन. कापडगिरण्यांचं गाव, म्हणून टोपणनाव 'विणकर'. गिरण्या गेल्या, विणकर गेले, राहिले ते हे अकरा जण. पोशाखाचा रंग मोहरीसारखा पिवळा आणि त्यावर चॉकलेटी पट्टे... हो, माहितीये मला, बघवत नाही! पण आपल्या आईला कोणी कुरूप म्हणतं का? तेवीस वर्षं, तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं आम्ही खालच्या डिव्हिजनात टाचा घासल्या आणि गेल्याच्या गेल्या मे महिन्यात एकदाचे सगळ्यात वरच्या डिव्हिजनात गेलो. अख्खं गाव नाचलं. आमचे महापौर कारंज्यात पडले. पडले म्हणजे, आधी उतरले, मग पडले. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा सिरिल रडला. सिरिल कोण, तर गणिताचा निवृत्त मास्तर, वय वर्षं एक्याऐंशी, स्वतःच्या लग्नातसुद्धा आपले डोळे कोरडे होते असं अभिमानानं सांगणारा माणूस!

आता खुर्ची. पूर्वेचा स्टँड, रांग आर, खुर्ची एकशे चौदा. ती माझी. माझ्याआधी माझ्या वडिलांची. तिचा एक स्क्रू ढिला आहे, तो मीसुद्धा कधी पिळला नाही, कारण वडिलांनी पिळला नव्हता. डाव्या हाताला सिरिल, उजव्या हाताला ग्लेनिस. ग्लेनिस विणते. सामना चालू असताना मफलर विणते आणि गोल खाल्ला की तिच्या हातून एक टाका सुटतो, त्यामुळे या मोसमात जे तयार झालं त्याला मफलर म्हणायचं की मासे धरायचं जाळं, हा प्रश्नच आहे. अडतीस वर्षं आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून बसलोय, आणि यांच्यापैकी एकाच्याही घरात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. सिरिलची बायको गेली हे मला कधी कळलं? तीन आठवड्यांनी. मध्यंतरात. त्यानं डबा उघडला, तर सँडविचच्या कडा कापलेल्या नव्हत्या. मी म्हटलं, "कडा?" तो म्हणाला, "हं." झालं. एवढंच बोलणं. पण त्या दिवसापासून माझ्या पाईतली अर्धी पाई मी त्याला देतो. आमच्या मैदानावर मिळते ना मटण-बटाट्याची पाई, ती. गारढोण असते. अडतीस वर्षांत मी एकदाही गरम पाई खाल्लेली नाही तिथे. वरून कोमट, आतून बर्फ! ती कशी साधतात हे एक कोडंच आहे.

तर मोसम सुरू झाला. पहिला सामना, शून्य-पाच. म्हटलं, असू दे, नवी जागा आहे, पोरं बिचकली असतील. दुसरा, शून्य-तीन. म्हटलं, बघा, सुधारणा आहे! तिसरा, शून्य-सहा. आणि सामना संपल्यावर आमचा मॅनेजर कॅमेऱ्यासमोर उभा राहून, मान अशी तिरकी करून, पाद्री बोलतात ना तसल्या आवाजात काय म्हणतो, "आम्ही यातून सकारात्मक गोष्टी घेऊन पुढे जाऊ." कुठल्या रे बाबा? कुठल्या सकारात्मक गोष्टी? सातवा खाल्ला नाहीस ही? की घरी जायला बस वेळेवर आली ही? त्याला हाकललं. दुसरा आला, तो लॅपटॉप घेऊन आला. पोरांना लॅपटॉपवर बाण दाखवायचा. बाण सगळे पुढे जायचे आणि पोरं सगळी मागे! त्यालाही हाकललं. तिसरा आला, त्यानं पहिल्याच दिवशी मान तिरकी केली... मी टीव्ही बंद केला.

आणि आमचा तो नऊ नंबरवाला! डोक्यावर अंबाडा बांधणारा, परदेशातून वाजतगाजत आणलेला. अख्ख्या मोसमात त्यानं तीन वेळा चेंडू जाळ्यात घातला, त्यातले दोन आपल्याच! राहिला एक. तो एक गोल झाला तेव्हा मी काय केलं माहितीये? मी ग्लेनिसला मिठी मारली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा! तिनं विणकामाच्या सुया वर धरल्या म्हणून माझा डोळा वाचला. आणि मग आलं ते टीव्हीवालं पंचायतन. दूर कुठेतरी खोलीत बसलेली माणसं टीव्हीवर बघणार, रेघा मारणार, आणि आम्ही तोंड उघडं टाकून उभे. चार मिनिटं! चार मिनिटं मी ग्लेनिसच्या मिठीत, सोडायची की नाही ते ठरेना! शेवटी निकाल काय, तर गोल रद्द. का, तर ऑफसाइड, त्याची काख बचाव करणाऱ्यांच्या पुढे होती. काख! अहो, काखेनं कोणी गोल मारतं का?

चिडलोय? नाही नाही. मी फक्त सांगतोय.

आता मुद्द्यावर येतो. ऑक्टोबरमध्ये माझ्या भाचीनं लग्न केलं. शनिवारी. दुपारी तीन वाजता! मोसम ऐन भरात असताना! वर्षाला बावन्न शनिवार असतात, त्यातले सामने नसतात ते उन्हाळ्यातले शनिवार काय कुत्र्यानं खाल्ले होते? पण डोरीन म्हणाली, "सख्ख्या बहिणीची मुलगी आहे, गप चल." गेलो. चर्चमध्ये बसलो, पाद्री विचारतोय कोणाची हरकत आहे का, माझी होती, पण डोरीननं कोपर मारलं. आणि त्या दिवशी आम्ही जिंकलो. तीन-शून्य. मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला विजय! म्हटलं, ठीक आहे, योगायोग. डिसेंबरमध्ये माझा पित्ताशयाचा खडा उठला. नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा सामना आणि मी इस्पितळात उताणा! जिंकलो. दोन-एक. आणि फेब्रुवारीत मैदानात शिरायचं ते नवं फिरतं फाटक. आता कार्ड लावायचं, हिरवा दिवा लागला की आत. माझं कार्ड लावलं की लाल. पुसून लावलं, लाल. फुंकर मारून लावलं, लाल. पंचेचाळीस मिनिटं मी फाटकात अडकलो, आतून दोनदा आरोळी उठली, दोन्ही आमच्या! मध्यंतरात कोणीतरी किल्ली आणून मला आत घेतलं. आम्ही दोन-शून्यनं पुढे. मी खुर्चीवर टेकलो आणि... हरलो. दोन-तीन. त्या दिवशी सिरिलनं माझ्याकडं एकदा बघितलं. नुसतं बघितलं. पाईची अर्धी त्यानं घेतली नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एप्रिल संपता संपता एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सिरिल आणि ग्लेनिस. माझ्या घरी! मी पोस्टमन होतो हो, आयुष्यभर लोकांच्या दारात उभा राहिलोय, दारात उभ्या माणसाच्या तोंडावरून पाकिटात काय आहे ते ओळखतो. पण ग्लेनिसच्या हातात केक होता, त्यामुळं फसलो. डोरीननं बसायला सांगितलं. सिरिल म्हणाला, "आज हवा बरी आहे, नाही?" मी म्हटलं, "बरी आहे." ग्लेनिस म्हणाली, "काल नव्हती." डोरीन म्हणाली, "उद्याही नसेल म्हणतात." पहिला चहा झाला. मग गुलाबावरची कीड झाली. दुसरा चहा झाला. मग सिरिलनं घसा खाकरला आणि शाळेत फळ्यासमोर उभा राहायचा तसा उभा राहिला. म्हणाला, "जेफ, आकडे आहेत. आकड्यांना भावना नसतात. घरच्या मैदानावर आजवर अठरा सामने झाले. सोळा सामन्यांना तू होतास. त्यातले जिंकलो किती? शून्य. दोन सामन्यांना तू नव्हतास. जिंकलो किती? दोन. बाहेरगावी तुझ्या कंबरेमुळं तू जात नाहीस. तिथे जिंकलो सहा." मी म्हटलं, "म्हणजे?" सिरिल म्हणाला, "तसं काही नाही." मी म्हटलं, "काही नाही कसं? मी काय पनवती आहे?" ग्लेनिस म्हणाली, "असं कोण म्हणतंय, जेफ! आणखी केक घे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात! मी म्हटलं, अरे, मी गोलकीपर आहे का? मी पास चुकवले? माझी काख पुढे होती? अठरा नंबरच्या खेळाडूनं पेनल्टी मारली ती मैदानाबाहेरच्या कपडे धुवायच्या दुकानात गेली, ती माझ्यामुळं? डोरीनही कधी बाहेरगावी जात नाही, मग ती पनवती का नाही? "मी तर घरच्या सामन्यांनाही जात नाही," डोरीन म्हणाली. ही माझी बायको! कुणाच्या बाजूनं बोलायचं याचं काही भान?

तर मागणी अशी होती. मोसमाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर. बरोबरी झाली तरी आम्ही वर राहणार, हरलो तर खाली. आणि त्या सामन्याला मी यायचं नाही. यायचं नाही, रेडिओ ऐकायचा नाही, फोनवर बघायचं नाही. मी म्हटलं, "शक्य नाही! ती खुर्ची माझ्या बापाची आहे!" मी दार उघडून धरलं. ग्लेनिस रडत रडत बाहेर गेली. सिरिल मात्र उंबऱ्यात थांबला. टोपी हातात, डोळे पायपुसण्यावर. म्हणाला, "मागच्या वेळी खाली गेलो तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, जेफ. परत वर यायला तेवीस वर्षं लागली." टोपी दोन्ही हातांत फिरवत म्हणाला, "मला आता आणखी तेवीस जमायची नाहीत."

आता ही काय भांडायची रीत झाली? तुम्हीच सांगा! चार शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. मी म्हटलं, "ठीक आहे. नाही येत." आणि दार लावून, तुम्हाला सांगतो, मी उरलेला अख्खा केक संपवला. रागानं.

चिडलो नव्हतो. भूक लागली होती.

मे महिन्यातला शेवटचा रविवार. चार वाजता सामना. गावात एक माणूस रस्त्यावर नाही आणि मी फावडं घेऊन टेकडीवर. नगरपालिका भाजी लावायला भाड्यानं तुकडा देते ना, तो आहे माझा तिथे, बटाटे, कांदे, रुबार्बचे आंबट देठ. तिथून मैदानाचे चार दिव्यांचे खांब दिसतात. मी त्यांच्याकडं पाठ केली. बटाट्यांकडं तोंड केलं. कान मात्र कोणाला फिरवता येतात का? अडतीस वर्षांत मला आरोळ्या ओळखता येतात, रेडिओ काय करायचाय? चार वाजून वीस मिनिटांनी कोपऱ्यातून बारीक आरोळी आली. बारीक, म्हणजे पाहुण्यांची. शून्य-एक. बघा! मी नसताना! मी बटाट्यांना ओरडून सांगितलं, "बघा! मी कुठे होतो? कुठे होतो मी?" शेजारच्या तुकड्यावरच्या बाईंनी आपला कुत्रा जवळ ओढून घेतला. आणि मग लाज वाटली हो. आपण खाली चाललोय आणि मला आनंद कशाचा, तर मी सुटलो याचा! सिरिलची ती टोपी डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं, देवा, मला पनवती ठरव, पण एक गोल दे.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी दरी हलली. नुसती आरोळी नव्हती ती, कावळे उडाले टेकडीवरचे! एक-एक! मी फावडं फेकलं, उडी मारली आणि कांद्यांवर पडलो. बरोबरी! बरोबरी म्हणजे वाचलो! फक्त एवढंच टिकवा, पोरांनो, आता कोणी अंबाडा सोडू नका!

आणि मग मला राहवेना. मी म्हटलं, नुसतं टेकडीच्या पायथ्यापर्यंत जातो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून रुबार्बची एक जुडी घेतली. सिरिलला आवडतो. पायथ्याशी आलो. म्हटलं, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जातो. कोपऱ्यावर आलो. म्हटलं, भिंतीपर्यंत जातो, भिंत काय मैदानात धरतात का? भिंतीशी आलो. आता तुम्हाला आमची पद्धत माहीत असेल, शेवटची दहा मिनिटं राहिली की बाहेर पडायची मोठी दारं उघडतात, गर्दी टाळून घरी पळणाऱ्यांसाठी. दार सताड उघडं. दारावरचा नोएल मला म्हणाला, "काय जेफ, आज उशीर?" मी म्हटलं, "मी आत येत नाहीये." तो म्हणाला, "बरं." मी तिथेच उभा. चिखलाचे गमबूट, हातात रुबार्ब.

आणि शिट्ट्या वाजल्या! एक नाही, शेकडो! मी म्हटलं, संपला! संपला सामना! वाचलो! आणि पळालो, वर, जिन्यानं, सासष्ट वर्षांचा माणूस, एका दमात दोन दोन पायऱ्या... आता मला सांगा, अडतीस वर्षं सामने बघणाऱ्या माणसाला, सामना संपत आला की आपलेच लोक पंचाला घाई करायला शिट्ट्या मारतात, हे माहीत नसावं? मी स्वतः मारत आलोय हो! दोन बोटं तोंडात घालून! पण आतून ऐकणं वेगळं आणि बाहेरून ऐकणं वेगळं, आणि मी बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं!

वर पोचलो. हिरवं मैदान, बोर्डावर एक-एक, घड्याळात नव्वद अधिक पाच. सगळा स्टँड उभा राहून शिट्ट्या मारतोय. सामना चालू आहे! सिरिलला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मान वळवली. मला बघितलं. तुम्हाला सांगतो, एवढा भीतीनं पांढरा पडलेला माणूस मी आयुष्यात बघितला नाही. नुसता हात हलवतोय, जा, जा... आणि त्याच क्षणी मैदानात त्यांच्या कोणीतरी चेंडू उंच टाकला, आमच्या कप्तानानं तो डोक्यानं बाहेर मारला, तो आमच्याच नऊ नंबरच्या पाठीवर आपटला आणि टप... टप... टप करत आमच्याच जाळ्यात.

वीस हजार माणसं मैदानाकडं बघत होती. रांग आर माझ्याकडं बघत होती.

आणि तेवढ्यात बोर्डावर काय आलं? 'तपासणी चालू'. टीव्हीवाल्या खोलीत रेघा मारायला लागले! म्हणजे गोल रद्द होऊ शकतो! आणि सिरिल, जो अडतीस वर्षांत कधी मोठ्यानं बोलला नाही, तो किंचाळला, "जेफ! बाहेर! बाहेर पळ!" अख्खी रांग ओरडायला लागली, "पळ, जेफ! पळ!" आणि मी पळालो! जिना उतरलो, नोएलच्या अंगावर आदळलो, दाराबाहेर, फुटपाथवर, म्हटलं पुरेसं नसेल, रस्ता ओलांडला, कपडे धुवायच्या दुकानाच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. डोळे मिटले. म्हटलं, मी नाही इथे. मी कधीच नव्हतो.

दोन मिनिटं सगळं शांत. मग कोपऱ्यातून बारीक आरोळी आली. बारीक.

मी तिथेच उभा राहिलो. माणसं बाहेर पडायला लागली. रडत होती, मफलरीत तोंड खुपसून. सिरिल आला, ग्लेनिसनं त्याचा दंड धरलेला. माझ्यापाशी थांबला. मी वाट बघत होतो, आता मारेल, आता थुंकेल. त्यानं माझ्या हातातला रुबार्ब घेतला, म्हणाला, "आभारी आहे," आणि गेला.

ही माणसं आहेत का हो? आभारी आहे! अरे, काठी घाल ना डोक्यात! त्या 'आभारी आहे'नं मला दोन महिने झोप नाही!

जुलैमध्ये दाराच्या फटीतून एक पाकीट पडलं. आत ग्रीटिंग कार्ड. वर चित्र काय, तर कौलारू घर, फुलांची वेल, आणि 'नव्या घरी शुभेच्छा'! आत रांग आरच्या सगळ्यांच्या सह्या. आणि कार्डाच्या आत एक सीझन तिकीट. स्टॅनरिज युनायटेडचं! स्टॅनरिज! नऊ मैलांवरचं ते जांभळं गाव! ज्यांच्या नावानं माझे वडील मांजरालासुद्धा शिव्या द्यायचे, ते स्टॅनरिज! वरच्या डिव्हिजनात मजेत बसलेलं! आणि खाली सिरिलच्या रेखीव मास्तरी अक्षरात, "तुझी इथली खुर्ची आम्ही सांभाळू. ते खाली आले की परत ये."

म्हणजे मी काय, रोगाची साथ आहे? सोडायची शत्रूच्या गावात?

चिडलो नाही. गेलो. दर शनिवारी गेलो! का गेलो? कारण एकशे चौदा नंबर परत हवा होता. जांभळ्या लोकांत, जांभळ्या खुर्चीवर, आतला पिवळा पोशाख दिसू नये म्हणून घातलेल्या जाड कोटात घाम गाळत बसलो. शेजारी डग्लस नावाचा एक गलेलठ्ठ माणूस, पहिल्याच दिवशी पेपरमिंट पुढे केली, म्हणाला, "नवीन का?" मी म्हटलं, "तात्पुरता." आणि सामना सुरू झाला. जिंकले. म्हटलं, असू दे, पनवती लागायला वेळ लागतो. दुसरा, जिंकले. तिसरा, जिंकले. सहा सामने, सहा विजय! डग्लस माझ्या पाठीवर थापा मारतोय, "तू आल्यापासून हरलोच नाही रे आपण!" आपण! आणि तिकडे माझ्याविना, खालच्या डिव्हिजनात, ब्रॅकनशॉ टाउन? सहापैकी सहा हरलेले! आणि सगळ्यात जास्त डोक्यात काय गेलं सांगू? स्टॅनरिजची पाई. गरम असते. वाफा निघतात त्यातून! पहिलाच घास, जीभ भाजली माझी. कोणाला अर्धी द्यावी म्हणून डावीकडं हात केला, तर डाव्या हाताला डग्लस, आणि त्याच्याकडं स्वतःच्या दोन!

मी त्याच संध्याकाळी सिरिलला फोन केला. अडतीस वर्षांत पहिला फोन. नंबर ग्लेनिसकडून, ग्लेनिसचा नंबर नोएलकडून. मी ओरडलो, "आकडे घे! लिहून घे! मी आहे तिथे सहा जिंकले, मी नाही तिथे सहा हरले! कोण पनवती? सांग कोण पनवती!" पलीकडं पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज. मग सिरिल म्हणाला, "म्हणजे तुझं काहीच नव्हतं." मी म्हटलं, "नव्हतं!" तो म्हणाला, "म्हणजे आम्हीच इतके वाईट आहोत." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "मग ये परत. हरायचंच आहे, तर ओळखीच्या माणसांत हरू."

गेल्या शनिवारी गेलो. रांग आर, एकशे चौदा. स्क्रू तसाच ढिला. खुर्चीला ग्लेनिसनं ते जाळं गुंडाळून ठेवलं होतं, कोणी बसू नये म्हणून. मी म्हटलं, "हं." सिरिल म्हणाला, "हं." शून्य-चार हरलो. पाई गार होती, आतून बर्फ. अर्धी सिरिलला दिली, त्यानं घेतली, आणि तुम्हाला खरं सांगतो, माझी अर्धी मी आतल्या बर्फासकट चाटूनपुसून खाल्ली. नव्या मॅनेजरनं मान तिरकी केली तेव्हा आम्ही तिघांनी मिळून जी शिवी घातली, ती स्टॅनरिजपर्यंत गेली असणार.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. त्याच शनिवारी, मी नसताना, स्टॅनरिज हरलं. शून्य-पाच.

काल सकाळी बेल वाजली. दारात डग्लस. हातात केक, चॉकलेटचा, चांगला दोन मजली. माझ्याकडं बघून गोड हसला आणि म्हणाला, "आज हवा बरी आहे, नाही?"

मी दहापर्यंत मोजलं आणि चहाचं आधण ठेवलं.